शिधा भूगोलाचा, स्वयंपाक माणसांचा

(नरसी नामदेव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



माझं सगळं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. आज विषय मात्र भाकरीचा घेतलाय. एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, ‘सर, ब्रह्म सोडून तुम्ही एकदम पिठाच्या डब्यात कसे काय शिरलात?’ मी म्हटलं, बाबा रे, तैत्तिरीय उपनिषदातला भृगू ब्रह्म शोधायला निघाला, तेव्हा पहिल्या मुक्कामाला त्याला अन्नच सापडलं. प्राण, मन, विज्ञान, आनंद हे सगळे पुढचे मुक्काम. आमच्या वर्गात आम्ही हा पहिला मुक्काम दोन मिनिटांत उरकून पुढं जायचो. आज तिथंच थोडं थांबू.

प्रश्न साधा आहे. इथं कयाधूच्या काठी भाकर, रत्नागिरीत भात, असं का? लगेच उत्तर येतं, ‘जे पिकतं ते खातात.’ खरंय. पण हे उत्तर अर्धंच आहे, आणि अर्धं उत्तर फार फसवतं. आपल्या दर्शनशास्त्रात कारणांचा विचार करताना घड्याचं उदाहरण देतात. माती हे घड्याचं उपादान कारण आणि कुंभार हे निमित्त कारण. माती नसेल तर घडा होणार नाही, पण नुसती माती हजार वर्षं पडून राहिली तरी तिचा आपोआप घडा होत नाही. स्वयंपाकाचं तसंच आहे. भूगोल आपल्याला शिधा देतो. स्वयंपाक माणसं करतात. त्यात त्यांची गरिबी येते, देव येतो, जात येते, राज्यकर्ते येतात आणि बाजारही येतो.

आधी जरा लांब जाऊन येऊ, म्हणजे जवळचं नीट दिसेल. चीनमध्ये छिनलिंग नावाची डोंगररांग आहे आणि तिच्या पूर्वेला ह्वाय नदी. या दोघांना जोडणारी एक रेघ भूगोलवाले काढतात. साधारण ८०० मिलिमीटर पावसाची ही रेघ. तिच्या दक्षिणेला भात, उत्तरेला पूर्वी राळ्यासारखी बारीक धान्यं आणि नंतर गहू. म्हणजे एका देशात जेवणाचे दोन देश. आता गंमत बघा. गहू चीनमध्ये पश्चिम आशियातून गेला. पश्चिम आशियात गहू दळून भट्टीत भाजायची रीत होती. चिनी माणसाच्या घरात मात्र वाफेवर शिजवायची भांडी आधीपासून होती. त्यानं पाहुण्या गव्हालाही वाफेवरच बसवलं. आजही उत्तर चीनमध्ये गव्हाचा पाव वाफवतात. धान्य तेच, घरची रीत वेगळी, पदार्थ वेगळा.

आपल्या ज्वारीचंही तसंच आहे. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. सुदानमध्ये तिचं पीठ आंबवून पातळ पापुद्र्यासारखी किस्रा करतात. चीनच्या क्वेईचौ प्रांतात माओताई गावी त्याच ज्वारीची दारू करतात, तीही जगप्रसिद्ध. आणि नरसीला तिची भाकर होते. आता नुसत्या भूगोलानं हा फरक समजावून सांगा बघू! नाही जमणार.

पण म्हणून भूगोलाला कमी लेखायचं नाही. आपल्या महाराष्ट्राची रेघ म्हणजे सह्याद्री. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला उतरून फलटण-म्हसवडकडं गेलात तर जेमतेम ५०० च्या आसपास. एका दिवसाच्या प्रवासात पाऊस दहा हिश्शांतला एक हिस्सा उरतो. कोकणात भात, नारळ, मासळी, आंबटाला कोकम, आणि डोंगरउतारावर नाचणी. घाट चढून आलं की बाजरी, ज्वारी. खानदेशात कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत, खापरावरचे मांडे. पूर्वेला भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडं पाऊस पुन्हा वाढतो, तळी येतात, आणि ताटात भात परत येतो. मध्ये आपण, मराठवाडा.

आपल्याकडं पाऊस बेताचा आणि लहरी. पण आपल्याला काळी माती मिळाली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर पसरले, त्या दगडाची झीज होऊन ही माती झाली. ती पाणी धरून ठेवते. पावसाळा संपतो, आभाळ कोरडं होतं, आणि मग रब्बीची ज्वारी पेरतात. पुढं पाऊस नाही आला तरी जमिनीतल्या ओलीवर आणि हिवाळ्यातल्या थंडीवर ती येते. आपल्या स्वयंपाकघराचं मूळ या ओलीत आहे. त्याच ओलीवर करडई येते, हरभरा येतो, जवस येतो. म्हणून आपलं जुनं तेल करडीचं, आपली चटणी जवसाची, कारळाची, तिळाची. नारळ आपल्याकडं देवापुढं फुटायचा, रोजच्या वाटणात नव्हता. आंबटाला चिंच आणि अंबाडी. अंबाडीचा पाला भाजीला, वाख दोरखंडाला. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेल्या अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडली, की कुणी आठवण करून द्यावी लागत नाही, माणूस आपणहून चुलीकडं येतो.

लातूर-धाराशिवकडं वेळा अमावस्या असते, येळवस म्हणतात. मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं गाव शेतात जाऊन जेवतं. रब्बीची ज्वारी उभी, कडब्याची कोप केलेली, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. भज्जीत त्या हंगामात शेतात मिळणाऱ्या पालेभाज्या आणि शेंगांमधले ओले दाणे एकत्र शिजतात. म्हणजे शेताची हजेरीच घेतल्यासारखं. हा सण कोकणात होऊ शकत नाही. तिथला मार्गशीर्ष वेगळा.

धान्य साठवण्याचंही बघा. आपल्याकडं पेव असायचं. जमिनीत खोल खड्डा, तळाला आणि कडेला काड, आत ज्वारी, वरून बंद. जमीन कोरडी म्हणून हे जमतं. कोकणात पेव खणलं तर धान्याच्या जागी चिखल निघेल! तिथं पेंढ्याच्या मुडीत भात बांधून ठेवत. पेव उघडलं की धान्यच धान्य, त्यावरून ‘पेव फुटलं’ हा शब्दप्रयोग आला. आता शहरात क्लासेसचं पेव फुटतं, बंगल्यांचं पेव फुटतं. बोलणाऱ्याला पेव कशाशी खातात हे माहीत नसतं, पण शब्द जिवंत आहे. मराठीचे वाक्प्रचार चाळले तर त्यातही सह्याद्रीच्या दोन बाजू दिसतात. शितावरून भाताची परीक्षा, शितं तिथं भुतं, हे भाताच्या प्रदेशातलं बोलणं. मीठ-भाकर, भाकर-तुकडा ओवाळून टाकणं, राजकारणातलं भाकरी फिरवणं, हे घाटावरचं.

चुलीकडं वळू. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून भाकर लाटत नाहीत, थापतात. आधणाचं पाणी घालून पीठ मळायचं, हाताच्या तळव्यानं थापायचं, तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं, आणि मग विस्तवाला लावून फुगवायची. यात उसंत नसते. जळण काय? आपल्याकडं जंगल थोडं. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. हे जळण भसकन पेटतं आणि लवकर विझतं. त्यावर तासन्‌तास शिजणारं काही चालत नाही. चीनमध्येही पुष्कळ भागांत जळणाची टंचाई होती, तिथं भाजी-मांस बारीक चिरून मोठ्या आचेवर भराभर परतायची पद्धत रुजली. आपण वेगळा रस्ता धरला. धान्य दळून घेतलं, डाळ भरडून घेतली. म्हणजे चुलीचं निम्मं काम जात्यावर उरकलं. पण जात्यावर बसणार कोण? बाईच. भूगोलानं जळण कमी दिलं, त्याची भरपाई बाईच्या खांद्यांनी केली. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबली. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो. मी हे फार वर्षं नुसतं भक्तीचं रूपक म्हणून शिकवलं. त्यात कष्टाचा सरळ हिशोबही आहे. एकटीला ते जातं ओढवत नव्हतं.

आणि भाकर कोरडी. ती घशाखाली उतरवायला काहीतरी पाहिजे. म्हणून आपल्या बोलीत शब्द आहे ‘कोरड्यास’. ‘आज कोरड्यास काय केलंय?’ या एका प्रश्नात सगळा पठारी स्वयंपाक आला. वरण, पिठलं, आमटी, काही नसेल तर ताक, तेही नसेल तर चटणी-तेल आणि कांदा. भाताच्या प्रदेशात हा शब्द सुचलाच नसता.

आता एक प्रश्न विचारतो. नामदेव महाराजांचा जन्म १२७० चा, समाधी १३५० ची. त्यांच्या ताटात काय होतं? त्याहून सोपा प्रश्न म्हणजे काय नव्हतं? मिरची नव्हती. शेंगदाणा नव्हता. बटाटा, टमाटा, पेरू, मका, काही नव्हतं. हे सगळं अमेरिका खंडातलं. कोलंबस तिकडं पोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. नामदेव गेल्यानंतर दीडशे वर्षांनी हा माल यायला सुरुवात झाली. त्यांच्या काळी तिखटाला मिरी, पिंपळी, आलं-सुंठ, मोहरी.

एकादशीचं ताट आठवा. साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेतला. त्यात शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, बटाटा. जोडीला रताळं. शेवटी राजगिऱ्याचा लाडू. हे सगळे अमेरिकेहून आलेले पाहुणे! आपली म्हणावी अशी एक भगर, आणि शिंगाडा. (हशा) हसू नका, यात उपवास मोडला असं काही नाही. मुद्दा वेगळाय. ज्या वस्तूला शास्त्रात नावच नव्हतं ती शास्त्रानं मना केलेली नव्हती, म्हणून ती उपवासाला चालली. धर्मानं दार बंद केलं होतं ते ओळखीच्या धान्यांना. परकं पीक बिनओळखीचं म्हणून आत आलं आणि देवघराशेजारी बसलं. हे भूगोलानं केलं नाही, माणसांच्या नियमांनी केलं.

मिरचीचंही तसंच. चीनमध्ये मिरचीची पहिली नोंद १५९१ ची, आणि ती शोभेचं झाड म्हणून. ती समुद्रकाठानं आली, पण समुद्रकाठच्या खाणाऱ्यांनी तिचं फारसं कौतुक केलं नाही. तिला घर मिळालं आत, डोंगराळ क्वेईचौमध्ये, हुनानमध्ये, सिच्वानमध्ये. क्वेईचौमध्ये मीठ बाहेरून यायचं, महाग असायचं, आणि गरीब लोक मिठाच्या जागी मिरची खाऊ लागले. आपल्याकडंही मिरची गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली, पण तिचा जोर बघायचा तर ठेचा बघा, आणि ठेचा कोरड्या मुलखाचा. मीठ कोकणातल्या मिठागरांतून बैलांच्या पाठीवर घाट चढून यायचं. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे ते आणायचे. मिरीसुद्धा लांबून आणि महाग. मिरची मात्र परसात लावली की येते. ज्याच्याकडं भाकरीवर घालायला तूप नाही, त्याच्या भाकरीला तिनं चव आणली. आज लोक म्हणतात, ‘मराठवाडी माणूस म्हणजे तिखट.’ तो स्वभावाचा गुण आहे असं समजतात. त्यात पुष्कळसा भाग कोरड्यास परवडत नसल्याचा आहे.

जमीन तीच राहून धान्य बदलतं, याचं याहून जुनं उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून तिथं उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्याचं मुख्य पीक होतं जव. आज त्या भागात जवाची भाकर कोण खातं? ‘आमच्या मातीतलं अन्न’ असं आपण अभिमानानं म्हणतो तेव्हा एवढं ध्यानात ठेवावं, की मातीनं अनेक पाहुणे बघितलेत. ज्वारीही एके काळी पाहुणीच होती.

राजवटींचा हात तर सगळ्यांना दिसतो. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, त्यानं ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेला लागून. त्यात राजाच्या जेवणाचं प्रकरण आहे. इडली-डोशाचे पूर्वज आहेत, वडे आहेत, मांडे आहेत, पोळी आहे, मासे आहेत, तऱ्हेतऱ्हेचं मांस आहे, नदीकाठच्या शेतांतले उंदीर भाजायची कृतीसुद्धा आहे. आज ज्याला आपण दक्षिणी म्हणतो आणि ज्याला मराठी म्हणतो, ते त्या मुदपाकखान्यात एकाच पंगतीला बसलेलं दिसतं. भाषावार प्रांत झाले १९५६-६० मध्ये, चुलींना ते माहीत नव्हतं. नंतर दिल्लीचे सुलतान आले, बहमनी आले, निझाम आला. औरंगाबादचा नान-कलिया लोक महंमद तुघलकाच्या दौलताबादच्या स्वारीपर्यंत नेऊन भिडवतात. आपल्या गावांतल्या लग्नांत दालचा-खाना असतो. १७ सप्टेंबर १९४८ ला निझामाचं राज्य गेलं, दालचा राहिला. कुणाला तो परका वाटत नाही.

आता जरा अवघड जागी येतो. संस्कृती म्हटलं की आपण सण आणि पक्वान्नं मोजतो. पण कुणी काय खायचं, कुणाच्या हातचं खायचं आणि कुणी पंगतीबाहेर बसायचं, हेही संस्कृतीनंच ठरवलं. एकाच गावात पाऊस तोच, माती तीच, शिवार तेच. आणि तरी गावातल्या दोन टोकांची ताटं वेगळी. तिथं भूगोलाचा काहीही दोष नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचा स्वयंपाक त्यांनी त्यात नोंदवला. चान्या म्हणजे वाळवलेलं मांस, ते कसं टिकवायचे. दूध-तूप नसलेला स्वयंपाक कसा उभा राहतो. त्याआधी मराठीत पाककृतींची पुस्तकं होतीच. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० चं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. मोलाची पुस्तकं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हणून जे चित्र छापलं गेलं, ते मुख्यतः मुंबई-पुण्याच्या आणि कोकणच्या शिकलेल्या घरांचं. येसूर त्यात शोधावा लागतो. गावकुसाबाहेरची चूल तर नव्हतीच. ज्याचं लिहून ठेवलं नाही ते अन्न नव्हतंच, असं पुढच्या पिढीला वाटायला लागतं.

हे मी नरसीत बोलतोय म्हणून जास्त बोलतोय. नामदेवांची ती गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. कुत्रं कोरडी भाकर घेऊन पळालं, कुणी पोळी म्हणतात, आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. कोरडी खाऊ नको म्हणाले. कोरडी भाकर घशात कशी अडकते, हे ठाऊक असलेल्या मुलखातच ही गोष्ट जन्मू शकते. आणि चोखोबांचा देह मंगळवेढ्याला कुसू कोसळून गेला, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या त्या नामदेवांनी. विठ्ठल चोखोबांच्या घरी जेवला, अशी कथा वारकरी परंपरा सांगते. काल्यात सगळ्यांचं एकत्र कालवून सगळ्यांनी खायचं असतं. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. त्यानंतरही सहा-सातशे वर्षं गावांत पाणवठे वेगळे राहिले, हेही तितकंच खरं. परंपरेनं रस्ता दाखवला होता. चाललो किती, ते आपण आपल्या मनाला विचारावं. महाराज पंजाबात घुमानला राहिले, त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्या परंपरेत लंगर आहे. तिथं जमिनीवर एका रांगेत बसून जेवतात. गहू पंजाबच्या भूगोलानं दिला. रांग माणसांनी ठरवली.

आता शेवटच्या मुद्द्याकडं. माझ्या पिढीनं १९७२ चा दुष्काळ पाहिला. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली माणसं, त्यांना मिळणारी सुकडी, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो. ती पण ज्वारीच, पण तिची भाकर नीट थापली जात नव्हती, तोंडात फिरायची. तरी तिनं जगवलं, हे विसरता येत नाही. त्याच्या आधी, १९६४ पासून संकरित ज्वारी आली होती. उत्पन्न वाढलं. पण ती खरिपाची, काढणीला पाऊस लागला की कणीस काळं पडायचं. घरात खायला रब्बीची मालदांडी आणि विकायला हायब्रीड, असा भेद तेव्हाच सुरू झाला.

मग शेतीचं गणित बदललं. ज्वारी नुसती माणसाचं धान्य नव्हती. तिचा कडबा बैलाचा चारा होता. दाणे घरात, कडबा गोठ्यात, शेण परत शेतात आणि गोवऱ्या चुलीत. हे चक्र होतं. ट्रॅक्टर आला, बैल गेले, कडब्याची गरज कमी झाली. ज्वारी काढायला माणसं मिळेनात, पाखरं राखायला पोरं मिळेनात, कारण पोरं शाळेत गेली, आणि ते चांगलंच झालं. नव्वदीनंतर सोयाबीन आलं. तीन-साडेतीन महिन्यांत हातात रोख पैसा. शेतकऱ्यानं ते धरलं, यात त्याचं काय चुकलं? तुमच्या-माझ्या मुलांच्या फिया त्यातूनच गेल्या. पण सोयाबीन आपल्या घरात शिजत नाही. ते मोंढ्यावर जातं, गिरणीत जातं, तेल पुडक्यातून परत येतं. वसमतकडं येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर हळद आली. तीही बाजारासाठीच. चिमूटभर घरात, बाकी पोत्यात. आणि २०१३ च्या कायद्यानं माणशी ५ किलो धान्य हक्कानं मिळायला लागलं. उपासमार टळली, याचं मोल मोठं आहे. पण आपल्याकडं ते धान्य आलं मुख्यतः गहू आणि तांदूळ.

परिणाम बघा. शिवारात सोयाबीन आणि ताटात रेशनचा गहू-तांदूळ. शेताचा आणि ताटाचा धागा इतका कधीच सुटलेला नव्हता. पूर्वी ताटाकडं बघून शिवार ओळखता यायचं. आता नाही येत. त्यात आणखी एक उलटापालट झाली. ज्वारी महाग झाली. लग्नाच्या पंगतीत जी भाकर वाढायला लाज वाटायची, ती आता शहरातल्या हॉटेलात ‘गावरान थाळी’त मानानं येते, डॉक्टर साखरेच्या रोग्याला लिहून देतात. ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या ती पिकवली त्या मजुराच्या घरी मात्र चपाती आणि भात, कारण ते स्वस्त पडतं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, भाषणं झाली, ज्वारीला ‘श्रीअन्न’ म्हणायला लागलो. नाव मोठं दिलं. भाव, काढणीचं यंत्र आणि रेशनवर जागा, हे प्रश्न तसेच आहेत.

मी जुनं ते सोनं म्हणणारा नाही. जातं परत आणा, असं म्हणायचा मला अधिकारच नाही, कारण ते ओढणारा मी नव्हतो. सोयाबीन उपटा असंही मी सांगणार नाही. पाहुणी पिकं घरची होतात, हे आत्ताच सांगितलं. उद्या सोयाबीनही कदाचित होईल. पण मिरची आली तेव्हा आपल्या बायांनी तिला आपल्या पाट्यावर घेतलं, तिचा ठेचा केला. म्हणजे निमित्त कारण आपल्याच हातात होतं. आज शिधाही बाजाराचा आणि स्वयंपाकही पाकिटातला, असं झालं तर आपल्या हातात काय राहिलं? माझी काळजी एवढीच आहे.

म्हणून दोन कामं सुचवतो. एक, ज्याच्याकडं चार एकर काळी रान आहे त्यानं घरापुरती दहा-वीस गुंठे रब्बी ज्वारी ठेवावी. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या चांगल्या जाती आहेत. बियाणं शेतात टिकलं तर तव्यावर टिकेल. आणि रेशनवर ज्वारी मागा, ग्रामसभेत ठराव करून मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही.

दुसरं काम पोरा-पोरींसाठी. एक वही करा. घरातल्या आजीला, शेजारच्या मावशीला, गावातल्या प्रत्येक वस्तीतल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. नुसती कृती लिहू नका. धान्य कुठल्या शेतातलं, कोणत्या महिन्यातलं, जळण काय होतं, आंबट कशाचं, तेल कशाचं, पहिलं कोण जेवायचं, शेवटी कोण आणि तिला काय उरायचं, आणि कुणाला वाढलं जात नव्हतं, हेही विचारा. शेवटचे दोन प्रश्न विचारताना अवघड वाटेल. तरी विचारा. तेवढ्यानं ती वही पाककृतींची न राहता गावाचा इतिहास होईल. या वयाच्या बाया फार दिवस आपल्याला भेटणार नाहीत, तेव्हा हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

बराच वेळ बसलात, उन्हं उतरली. काही शंका असतील तर खाली बसून बोलू.

रामकृष्णहरी.